खुलासा: ‘वाचलेलं १० टक्के, शिकवलेलं ९० टक्के’ हा त्रिकोण

‘वाचलेलं १० टक्के, ऐकलेलं २० टक्के, दुसऱ्याला शिकवलेलं ९० टक्के लक्षात राहतं’ असा त्रिकोण अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ एडगर डेल यांच्या नावाने शिक्षक प्रशिक्षणांत फिरतो आहे. डेल यांनी १९४६ मध्ये अनुभवांचा शंकू, म्हणजे प्रत्यक्ष अनुभवापासून शब्दांपर्यंत शिकण्याची माध्यमं दाखवणारी आकृती, मांडला, हे खरं. त्यात टक्केवारी मात्र एकही नव्हती. आकडे नंतर इतरांनी चिकटवले. खऱ्या मोजणीत सगळे आकडे असे दहाच्या पटीत येत नाहीत.

या आकड्यांच्या भरवशावर समजावणं टाळून थेट गटकार्य दिलं, की पाया कच्चा असलेली मुलं एकमेकांना चुकाही शिकवू शकतात. आधी सोडवलेलं उदाहरण दाखवा, मग वही मिटून आठवायला लावा, काही दिवसांनी पुन्हा विचारा. कृपया तो त्रिकोण पुढे पाठवू नका. प्रशिक्षणाच्या स्लाइडमध्ये असेल तर काढून टाका.