मिशीत पॅसिफिक

मुलगा अमेरिकेत असतो, त्याला वाटलं आईबाबांना यंदा काहीतरी हटके दाखवू, म्हणून गॅलापागोस, इक्वाडोरची पॅसिफिकमधली बेटं. तिथल्या नॅशनल पार्कची एंट्रीच माणशी २०० डॉलर, ते रुपयांत किती हे कळल्यावर बायको जेवणापर्यंत गप्प होती.

तिथल्याच सांताक्रूझ बेटाहून बोटीने बार्तोलोमे बेटावर गेलो. कोळशाच्या वखारीला आग लागून विझल्यावर दिसेल तसं बेट, सगळा लाव्हा. लाकडी पायऱ्या चढून ११४ मीटरवर गेलो, फोटो काढले, उतरलो. इथवर मी पण हौशी पर्यटक होतो.

मग स्नॉर्कलिंग, म्हणजे मास्क लावून, तोंडात नळी धरून पाण्यात तरंगत खाली बघायचं. वेटसूट घालणं म्हणजे गादीला उशीचा अभ्रा चढवणं, मागची चेन लावताना मुलाने माझ्या पाठीत अक्षरशः गुडघा रोवला. पण खरा घोळ मास्कचा. त्याची रबरी कड ओठाच्या वर घट्ट चिकटायला हवी आणि तिथे तर माझी मिशी, १९८८ पासूनची. गाइडने बोटांची कात्री करून दाखवली. बायको म्हणाली, "अहो, मी लग्नापासून हेच सांगतेय." शेवटी मिशीला व्हॅसलीन थापलं आणि मी उडी मारली.

विषुववृत्त तिथून तीसेक किलोमीटरवर, म्हणजे पाणी कोमट असेल असं मी धरून चाललेलो, पण दक्षिणेकडून येणारा हम्बोल्टचा गार प्रवाह तिथपर्यंत पोचतो आणि म्हणूनच तिथे पेंग्विन राहतात, हे मुलाने मी पाण्यात पडल्यावर सांगितलं. मी गावच्या विहिरीत पाठीला डबा बांधून पोहायला शिकलेला माणूस. दोन मिनिटांत मास्क नाकापर्यंत भरला, खारं पाणी थेट मेंदूत, मी शिडीकडे परत. असं तीनदा झालं. मुलगा वरून म्हणतो, "बाबा, १८३५ मध्ये डार्विनने इथलाच एक इग्वाना, म्हणजे मोठा सरडा, पुन्हा पुन्हा पाण्यात फेकला होता, तो पण दर वेळी परत काठावर यायचा." बरं झालं, घराण्यात एवढं शिकलेलं कोणीतरी आहे.

चौथ्यांदा मात्र खाली बघितलं तर निळे, पिवळे मासे, एक पेंग्विन डबल फास्ट सुटल्यासारखा सटकला, आणि मग एक सी लायन थेट माझ्या तोंडासमोर. प्राण्यांपासून दोन मीटर लांब राहायचं हा पार्कचा नियम, तो त्याला कोणी सांगितलेला दिसत नव्हता. त्याने माझ्या मिशीकडे बघितलं, मी त्याच्या. त्याची मस्त फुललेली होती, माझी व्हॅसलीनमध्ये चपटी. त्याने तोंडावर बुडबुडे सोडले, मी हसलो, हसल्यावर गाल वर गेले आणि मास्क पुन्हा भरला.

संध्याकाळी सांताक्रूझवरच्या पुएर्तो आयोरा गावाच्या धक्क्यावर बसलो होतो, नाक अजून गळत होतं. शेजारी काळा इग्वाना पसरलेला. त्याने मान झटकली आणि फुर्र करून नाकातून मिठाचं पाणी उडवलं. समुद्रातलं शेवाळ खातात ना, जास्तीचं मीठ असं शिंकून टाकतात. तेवढ्यात मलाही आली, जोरात.

बायको उठली आणि आम्हा दोघांपासून दोन मीटर लांब जाऊन बसली.