‘नासाला सगळं माहीत होतं’: कोलंबियाच्या ढकलपत्रातलं खोटं

१ फेब्रुवारी २००३ ला नासाचं स्पेस शटल कोलंबिया पृथ्वीवर परतताना तुटलं आणि त्यातले सातही अंतराळवीर गेले. ती तारीख जवळ आली की ते ढकलपत्र पुन्हा फिरायला लागतं. यंदा ते माझ्या भाचीच्या वहीत, विज्ञान दिनाच्या भाषणात जसंच्या तसं उतरलेलं दिसलं, म्हणून हा खटाटोप. मजकूर थोडक्यात असा: कोलंबिया यान सुखरूप परतणार नाही हे नासाला उड्डाणाच्या दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. वाचवायचा कुठलाच मार्ग नव्हता, म्हणून कल्पना चावला आणि त्यांच्या सहा सहकाऱ्यांना काहीही न सांगता ‘आनंदात मरू द्यायचं’ ठरलं. अवकाश स्थानक जवळ असूनही त्यांना तिकडे नेलं नाही. खाली स्फोटाचे ‘उपग्रहाने टिपलेले’ फोटो.

‘काहीही न सांगता’ हे आधी घेऊ, कारण ते एका ईमेलनेच निकालात निघतं. २३ जानेवारी २००३ रोजी ह्यूस्टनहून कमांडर रिक हज्बंड आणि पायलट विल्यम मॅकूल यांना कळवलं गेलं की, उड्डाणाच्या वेळी फोमचा तुकडा डाव्या पंखाच्या बाजूला आदळला आहे. तज्ज्ञांनी चित्रफीत तपासली आहे, पंखाच्या कडेची किंवा उष्णतारोधक टाइल्सची काळजी नाही, असं आधीच्या उड्डाणांतही झालेलं आहे आणि परतीला अजिबात धोका नाही. एखाद्या पत्रकाराने विचारलंच तर गोंधळ नको, म्हणून कळवत आहोत, असंही त्यात होतं. धडकेची चित्रफीतही वर पाठवली गेली. अॅडमिरल हॅरल्ड गेमन यांच्या अध्यक्षतेखालच्या चौकशी मंडळाचा अहवाल २६ ऑगस्ट २००३ रोजी आला, त्यात हे सगळं नोंदलेलं आहे. अहवाल इंटरनेटवर फुकट मिळतो. दरवर्षी ढकलपत्र पुढे पाठवणाऱ्यांपैकी किती जणांनी तो उघडला असेल?

थोडक्यात, धडक लपवली गेली नाही. तिच्याबद्दल चुकीचं सांगितलं गेलं, आणि सांगणाऱ्यांचा स्वतःचाही त्यावर विश्वास होता.

आता ‘दुसऱ्या दिवशी कळलं’. १६ जानेवारीला यान उडाल्यावर सुमारे ८२ सेकंदांनी बाहेरच्या इंधनटाकीवरचा जवळपास पाऊण किलोचा फोम सुटला आणि डाव्या पंखाच्या पुढच्या कडेवर आपटला. दुसऱ्या दिवशी चित्रफितीत दिसली ती धडक, भोक नाही. नुकसान किती, हे ‘क्रेटर’ नावाच्या गणिती नमुन्याने काढलं. तो नमुना ज्या चाचण्यांवर बेतला होता त्यातले तुकडे होते तीन घन इंचांपर्यंतचे. इथला तुकडा त्याच्या शेकडो पट मोठा. तरीही टाइल आरपार जाईल इतकं नुकसान त्याने दाखवलं. मग तो नमुना नेहमी वाढवूनच दाखवतो, असं म्हणून तो आकडा बाजूला सारला गेला. खरी गोष्ट कळली ७ जुलै २००३ ला, सॅन अँटोनिओच्या साउथवेस्ट रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये. पंखाच्या कडेच्या आठव्या कार्बन पॅनेलवर तितक्याच वजनाचा फोम ताशी साधारण ८५० किलोमीटर वेगाने मारला, तेव्हा सुमारे ४० सेंटिमीटरचं भगदाड पडलं. वातावरणात परत शिरताना या कडेचं तापमान दीड हजार अंश सेल्सियसच्या वर जायचं आणि आतला सांगाडा अॅल्युमिनियमचा असायचा, तो एवढ्या तापात टिकणारा नव्हे.

सगळ्यात वाईट वाक्य आहे ‘वाचवायचा कुठलाच मार्ग नव्हता’. ते मुलांच्या भाषणात जाता कामा नये. मंडळाने नासाकडूनच याचा अभ्यास करून घेतला. कोलंबियावर टिकायची मर्यादा प्राणवायूने नव्हे, कार्बन डायऑक्साइड शोषणाऱ्या लिथियम हायड्रॉक्साइडच्या डब्यांनी ठरत होती. हालचाल आणि वीजवापर कमी केला असता तर ते डबे १५ फेब्रुवारीपर्यंत पुरले असते. दुसरं यान, अटलांटिस, १ मार्चच्या उड्डाणासाठी आधीच तयार होत होतं. तिन्ही पाळ्या लावून, कुठलीही तपासणी न गाळता, ते १० फेब्रुवारीला उडू शकत होतं. त्यात फक्त चौघे जाणार होते. दोन्ही यानं मालकक्ष समोरासमोर आणून जवळ उडवायची आणि सातही जणांना अवकाशपोशाखात एकेक-दोघे करून पलीकडे न्यायचं. रिकामं कोलंबिया प्रशांत महासागरात पाडायचं. अवघड पण शक्य, असा निष्कर्ष निघाला. यशाची हमी कुणी दिली नाही, आणि अटलांटिसच्या टाकीवरही तोच फोम होता.

पण या वाटेची पहिली पायरी होती पंख बघणं. अभियंत्यांकडून लष्करी दुर्बिणींनी किंवा उपग्रहांनी छायाचित्रं घेण्याची मागणी एकदा नाही, तीनदा झाली. २२ जानेवारीला व्यवस्थापनाने ती थांबवली. पुढचं सगळं तिथेच अडलं. ढकलपत्रातली नासा हतबल होऊन दयाळू निर्णय घेते. अहवालातल्या नासाने नुकसान बघायचंच टाळलं, आणि त्या सात जणांबद्दल आस्था असेल तर राग यायला हवा तो याचा.

अर्धसत्य आहे, तेही नाइलाजाने सांगतो. पुढे शटल कार्यक्रमाचे प्रमुख झालेल्या वेन हेल यांनी २०१३ मध्ये लिहिलं की, त्या दिवसांत एका बैठकीनंतर एक वरिष्ठ अधिकारी म्हणाले होते: नुकसान असेलच तर आपण काही करू शकत नाही, मग त्यांना न कळलेलंच बरं नाही का? ढकलपत्राचं मूळ हेच. पण ते ‘असेल तर’वर आधारलेलं बोलणं होतं. तोपर्यंत नुकसान सिद्ध झालेलं नव्हतं आणि असा कुठला निर्णयही झाला नव्हता. हेल यांनी हे लिहिलं तेच मुळी ही मानसिकता चुकीची होती हे सांगायला.

अवकाश स्थानकाचं म्हणाल तर, कोलंबियाची कक्षा विषुववृत्ताशी ३९ अंशांत कललेली, स्थानकाची ५१.६ अंशांत. कक्षेचं प्रतल एवढं वळवायला सेकंदाला साधारण १.७ किलोमीटर वेगबदल लागतो. शटलच्या कक्षीय इंजिनांकडे पूर्ण भरलेल्या टाक्यांनिशीही जेमतेम ०.३ किलोमीटरचं इंधन असायचं. शिवाय त्या मोहिमेत स्थानकाला जोडायची यंत्रणाही बसवलेली नव्हती.

स्फोटाचे फोटो १९९८ च्या एका हॉलिवूड चित्रपटातले आहेत. ते पुसून टाका.

आणि ‘मार्ग नव्हता’ असं अजूनही कुणाला वाटत असेल तर मे २००९ बघा. अटलांटिस हबल दुर्बिणीच्या दुरुस्तीला गेलं तेव्हा तिथूनही स्थानक गाठता येणार नव्हतं. त्या वेळी पंख तपासायला १५ मीटरचा संवेदक-दांडा सोबत होता, आणि शेजारच्या ३९-बी उड्डाणतळावर एंडेव्हर चौघांच्या चमूसह सुटकेसाठी सज्ज उभं होतं.