स्पेशालिस्टकडे जायच्या आधी गोळ्या बंद करू नका

'स्पेशालिस्टकडे पहिल्यांदा जाताय? हे पाच नियम पाळा' असा एक मेसेज सध्या ग्रुपाग्रुपांवर फिरतोय. तीन दिवस आधी सगळ्या गोळ्या बंद करा, म्हणजे खरा आजार दिसेल. उपाशीपोटी जा. जुने रिपोर्ट दाखवू नका, नाहीतर डॉक्टर आधीच मत बनवतात. घरगुती औषधांबद्दल बोलू नका. सोबत कोणाला नेऊ नका. खाली 'एका नामवंत डॉक्टरांचा सल्ला' असं लिहिलंय, नाव मात्र नाही. काल भांडुपहून आत्याचा फोन आला, "अगं, गुरुवारी परळला हार्टच्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट आहे. आजपासून बीपीची गोळी सोडू ना?" ते ऐकून माझं डोकंच फिरलं.

आत्याची गोळी मेटोप्रोलॉल. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियंत्रण संस्थेने, मंजूर केलेल्या या औषधाच्या माहितीपत्रकात स्पष्ट इशारा आहे. हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार असलेल्यांनी ही गोळी एकाएकी सोडली तर छातीतलं दुखणं बळावतं, हार्ट अटॅकही आलेले आहेत. बंद करायचीच तर डोस एक-दोन आठवड्यांत हळूहळू उतरवायचा, तोही डॉक्टरांच्या देखरेखीखाली. नुसत्या बीपीसाठी घेणाऱ्यांनीही ती अचानक थांबवू नये, कारण असा आजार अनेकांना असतो आणि कळलेला नसतो. आत्या नेमकी तोच आजार आहे का हे बघायला चालली आहे!

बाकी गोळ्यांचंही तेच. फिटच्या गोळ्या सोडल्या की फिट येऊ शकते. स्टेंट बसवलेल्याने रक्त पातळ करणारी गोळी मनाने थांबवली तर स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते. बरेच महिने स्टिरॉइड घेणाऱ्याने ते एकदम सोडलं तर जिवावर बेतू शकतं. आणि 'खरा आजार' म्हणजे काय? गोळी चालू असताना बीपी किती राहतं, हेच तर डॉक्टरांना बघायचं असतं. एचबीए१सी ही डायबिटीसची रक्ततपासणी साधारण तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवते, तीन दिवस गोळ्या सोडून त्यात काय दिसणार?

एवढं मान्य, की काही तपासण्यांआधी ठरावीक औषधं थांबवावी लागतात. त्वचेवरची अ‍ॅलर्जी टेस्ट असेल तर सेटिरिझिन ही अ‍ॅलर्जीची गोळी, काही बायोप्सींआधी रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या. पण कोणती आणि किती दिवस, हे डॉक्टर सांगतात. फॉरवर्ड करणाऱ्याने ते ठरवायचं नाही.

उपाशीपोटीचंही तसंच, सांगितलं असेल तरच. सकाळी ग्लिमेपिराइड ही डायबिटीसची गोळी घेऊन, काही न खाता ओपीडीत दोन-तीन तास बसलेल्या माणसाची साखर धोकादायक उतरू शकते. सोबत कोणीतरी न्याच, डॉक्टर बोलतात त्यातलं अर्धं घरी येईपर्यंत विसरायला होतं.

घरगुती औषधं सांगितली की काही डॉक्टर ओरडतात, हे खरं आहे आणि ते चुकीचंच आहे. तरी सांगा. २०२१ मध्ये मुंबईतल्याच डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली होती. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, तो वाद बाजूला ठेवू. पण तुम्ही काढा घेता हे डॉक्टरांना माहीतच नसेल, तर बिघडलेल्या लिव्हर रिपोर्टचं कारण ते शोधणार कुठे? केसांसाठीच्या बायोटिनच्या गोळ्याही सांगा, त्यांनी थायरॉइडचे आकडे चुकीचे येऊ शकतात.

आणि जुने रिपोर्ट लपवायचे? जुना ईसीजी शेजारी ठेवल्याशिवाय आजच्या ईसीजीतला बदल नवा की जुना, हे कळायचं कसं? तो कागद काही वर्षांत पुसट होतो, म्हणून आजच झेरॉक्स काढून ठेवा. एमआरआयचा नुसता रिपोर्ट नको, फिल्म किंवा सीडीही घ्या. सगळं तारखेप्रमाणे लावा. गोळ्यांची नावं पाठ नसतील तर स्ट्रिपाच पिशवीत टाका. आधीच्या हॉस्पिटलकडून कागद मिळत नसतील तर लेखी अर्ज करून पोच घ्या. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांप्रमाणे मागितल्यापासून ७२ तासांत ते द्यावेच लागतात.