कागदोपत्री पैलवान

दर तीन आठवड्यांनी मी जे इंजेक्शन टोचून घेतो, ते ब्रिटनमध्ये १९७१ च्या अमली पदार्थांविषयीच्या कायद्यात ‘क’ वर्गात मोडते, अमेरिकेत १९९० च्या कायद्यान्वये नियंत्रित पदार्थांच्या यादीत आहे आणि खेळाडूंना तर बारा महिने निषिद्ध आहे. औषधाचे नाव टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषांच्या वृषणांत तयार होणारे संप्रेरक (हार्मोन). दंड फुगवण्यासाठी जगभर त्याचा गैरवापर होतो, म्हणून एवढा बंदोबस्त. माझे वजन छपन्न किलो भरते, तेही खिशातल्या किल्ल्यांसकट. मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीवरची साधी गाठ काढल्यानंतर त्या ग्रंथीने खाली वृषणांना आदेश पाठवणे सोडून दिले, आणि निसर्गाने जे फुकट द्यायचे ते मी आता मेडिकलमधून विकत आणतो, एवढीच माझी व्यायामशाळा.

मुलाने लंडनला महिनाभर राहायला बोलावले, तेव्हा हिने चादरी कोणाकोणाला न्यायच्या याची यादी केली आणि मी कागदपत्रांची. तीन महिन्यांपेक्षा कमी पुरेल एवढे औषध स्वतःसाठी नेणाऱ्याला तिकडे परवाना लागत नाही. मात्र रुग्णाचे नाव, कोणत्या देशात केव्हा जाणार, औषध किती आणि कोणत्या मात्रेत, हे सारे लिहून डॉक्टरांनी सही केलेले पत्र जवळ असावे लागते. आमच्या डॉक्टरांनी मजकूर भराभर सांगितला आणि कंपाउंडरने तो टाइप केला. परंतु आयुष्यभर दाखलेच टाइप केलेल्या त्या सद्गृहस्थाला हात आवरला नसावा, कारण शेवटी ‘सदर इसमाची वर्तणूक आमच्या माहितीप्रमाणे चांगली आहे’ अशा अर्थाचे एक इंग्रजी वाक्य आपसूक उमटले होते. ते खोडायला मी सांगितले नाही. सुया घेऊन परदेशी निघालेल्या माणसाला वर्तणुकीचा दाखला जड होत नाही. अडचण निघाली ती नावाची. पासपोर्टावर माझे, वडिलांचे आणि आडनाव असा तीन मजली ऐवज आहे, तर केसपेपरवर गेली कित्येक वर्षे नुसते ‘अप्पा’. जगातल्या कोणत्याही अधिकाऱ्याने हे दोघे एकच आहेत असे मानण्याचे कारण नव्हते, म्हणून सगळा केसपेपर नव्याने लिहून घ्यावा लागला.

सात रस्त्याजवळच्या मेडिकलवाल्याकडे पक्के बिल मागितले, तेव्हा त्याने खोक्यावरचे नाव मोठ्याने वाचले आणि पाच-सहा गिऱ्हाइकांसमक्ष विचारले, “काय ओ अप्पा, जिम लावलाव काय?” सोलापुरात गुप्तरोग गुप्त राहत नाहीत, तिथे संप्रेरकांची काय कथा! संध्याकाळपर्यंत गल्लीतला एक होतकरू पोरगा मला व्यायामाचे वेळापत्रक विचारून गेला.

खरी कसोटी औषध सांभाळण्याची. खोक्यावर लिहिलेले असते की तीस अंशांखाली ठेवा, फ्रिजमध्ये ठेवू नका. एप्रिल-मेमध्ये चाळिशी ओलांडणाऱ्या आमच्या गावात या दोन सूचनांच्या मधली जागा म्हणजे माठामागचा कोपरा, आणि निघेपर्यंत काचेच्या त्या चिमुकल्या कुप्या ओल्या फडक्याच्या सावलीत तिथेच राहिल्या. एकेका कुपीत एक मिलिलिटर तेल आणि त्यात अडीचशे मिलिग्रॅम औषध असते. माझ्या औषधातले तेल शेंगदाण्याचे आहे, हे कळल्यापासून हिच्या मनातली या इंजेक्शनाविषयीची अढी पुष्कळ कमी झाली आहे. तेल घट्ट असल्यामुळे ओढायला जाड सुई आणि टोचायला बारीक, अशा दोन सुया प्रत्येक वेळी लागतात. म्हणजे खिशातला ऐवज पाहणाऱ्याला संशय यायचाच, तर तो दुप्पट येणार. सामानाची बॅग हरवण्याच्या आणि कुप्या फुटण्याच्या भीतीने हे सारे हातातल्या पिशवीत ठेवायचे होते. हिने त्याच पिशवीत, कुप्यांना धक्का लागू नये म्हणून, शेंगा चटणीच्या पुड्या चारी बाजूंनी लावून दिल्या.

सिद्धेश्वर एक्सप्रेसने रातोरात मुंबई गाठली. विमानतळावर पिशवी यंत्रातून गेली आणि अडली. पडद्यावर सुया दिसल्या होत्या. तरुण सुरक्षा रक्षकाने एकेक वस्तू ट्रेमध्ये मांडली, प्रिस्क्रिप्शन पाहिले, बिल पाहिले, आणि पत्र अगदी वर्तणुकीपर्यंत वाचले. औषधाच्या नावापाशी परत येऊन त्याने माझ्याकडे पायापासून डोक्यापर्यंत पाहिले. त्याचे स्वतःचे दंड गणवेशाच्या बाहीत मावत नव्हते. पासपोर्टावरचे गाव वाचून तो मराठीवर आला आणि आवाज खाली आणून म्हणाला, “काका, खरं सांगा, याने फरक पडतो का?”

मी माझ्या दंडाकडे पाहिले. त्यानेही पाहिले, आणि पुढे काही न विचारता ट्रे माझ्याकडे सरकवला.