पाट्या डॅनिश, प्रार्थना इंग्रजीत

कॅलिफोर्नियातल्या सोल्व्हँगला जाऊन आलो आणि तिथल्या बेकऱ्यांच्या डॅनिश पाट्यांचे फोटो घरच्या ग्रुपवर टाकले. ठाण्याहून दादाचं उत्तर आलं, "बघ, अमेरिकेत डॅनिश पाट्या चालतात. आणि आपल्या मुंबईत मराठी पाटीसाठी सर्वोच्च न्यायालयाला २०२३ मध्ये दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत द्यावी लागली!"

चर्चचा फोटो पाठवायचा राहिला, ही चूक माझीच.

हे गाव १९११ मध्ये डॅनिश स्थलांतरितांनी वसवलं. ग्रुंटविग या डॅनिश धर्मगुरूला मानणारी ही माणसं. भाषा, गाणी आणि लोकशाळा, म्हणजे परीक्षा नसलेल्या, मोठ्या मुलामाणसांच्या शाळा, यांवर त्यांचा भारी जीव. अमेरिकेतल्या डॅनिश ल्युथरन (प्रोटेस्टंट ख्रिस्ती) लोकांत १८९४ मध्ये फूट पडली, तेव्हा यांना 'आनंदी डेन' म्हणत आणि पलीकडच्यांना 'पवित्र डेन'. मराठीत सरळ 'सोवळे' म्हणावं. गाव वसलं त्याच वर्षी यांनी लोकशाळाही सुरू केली.

त्यांचं बेथानिया ल्युथरन चर्च १९२८ चं. डेन्मार्कच्या खेड्यांतल्या चौदाव्या शतकातल्या चर्चांचा नमुना समोर ठेवून बांधलेलं, पांढऱ्या भिंतींचं. आत हाताने कोरलेलं लाकडी व्यासपीठ आहे आणि छताला टांगलेलं एक जहाज. शिडं, दोरखंड, सगळं बारकाईने केलेली प्रतिकृती. दर्यावर्दी डॅनिश लोकांच्या चर्चांत असं जहाज टांगायची जुनी रीत आहे. मी बराच वेळ मान वर करून उभा होतो.

गंमत म्हणजे, आज पर्यटक ज्याचे फोटो काढतात ते 'डॅनिश' गाव या चर्चनंतरचं. पवनचक्क्या आणि भिंतींवर ठोकलेल्या लाकडी पट्ट्या हे सगळं दुसऱ्या महायुद्धानंतर आलं. पाट्या डॅनिश होत गेल्या आणि चर्चमधली प्रार्थना इंग्रजीत गेली. भाषेवर एवढा जीव असलेल्या लोकांचीही नातवंडं इंग्रजीच बोलू लागली.

म्हणून मुंबईतल्या पाट्या व्यर्थ, असं मात्र मी म्हणणार नाही. तसं म्हणणारे इथे अमेरिकेतल्या आम्हा मराठी माणसांत पुष्कळ आहेत. परदेशात बसून घरच्यांना शहाणपण शिकवणं सोपं असतं. सोल्व्हँगमधली डॅनिश गेली तरी डेन्मार्कात ती सुखरूप आहे. मुंबईतून मराठी गेली तर तिला मागे हटायला दुसरं घर नाही. सोल्व्हँगची पाटी शोभेची, दादरची हक्काची.

पण पाटी लागली म्हणजे काम झालं, असं वाटायला लागलं की मला ते जहाज आठवतं. देखणं आहे, पण पाण्यात जाणारं नाही. आमच्या मंडळाच्या गणपतीतही मुलांच्या हातात आरतीचे कागद असतात, 'सुखकर्ता दुःखहर्ता' रोमन अक्षरांत छापलेलं. देवनागरी तेवढी मागच्या बॅनरवर, चांगली फूटभर उंचीची. ते कागद छापून आणणाऱ्यांत मीही असतो.

दादाला शेवटी एवढंच लिहिलं, "पाट्या लावाच. पण चिनूला कुठल्या माध्यमात घातलंत?"

दोन निळ्या खुणा आल्यात. उत्तर अजून नाही.