म्हणे सेन्सर बदला!

गाडी सिग्नलला बंद पडते म्हणून मेकॅनिककडे न्यावी, तर पहिलं उत्तर ठरलेलं: "ऑक्सिजन सेन्सर गेलाय", म्हणजे धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर. हे वाक्य ऐकलं की आता तळपायाची आग मस्तकात जाते. बिघाड वाचणारा स्कॅनर लावला, पी०१७१ हा बिघाडाचा कोड आला, की लगेच सेन्सर बदला! अरे, तो कोड काय सांगतोय ते तरी नीट वाचा. मिक्स्चर लीन आहे, पेट्रोलच्या मानाने हवा जास्त होतेय, एवढंच म्हणतोय तो. सेन्सर आपलं काम चोख करतोय, तक्रार वेळेवर कळवतोय, आणि तुम्ही त्यालाच उपटायला निघालात!

सेन्सर झाला, गाडी बंद पडतेच. मग प्लग. मग कॉइल. मग "फ्युएल पंप वीक वाटतोय". प्रत्येक वेळी बिल माझ्या माथी, आणि सिग्नलला थांबलं की आरपीएमचा काटा ५०० वर घसरणार, १००० च्या वर उसळणार, परत घसरणार, इंजिन थरथरून ठप्प. मोकळ्या रस्त्यावर मात्र तीच गाडी सुरळीत पळते.

अहो, हीच तर खूण आहे! आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन चालू असताना, थ्रॉटल (हवेची झडप) जवळजवळ बंद असतो, मॅनिफोल्डमध्ये (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांत) व्हॅक्यूम जोरात असतो, त्यामुळे बारीकशा भेगेतूनही हवा आत ओढली जाते. ती एअरफ्लो सेन्सरला चुकवून शिरते, म्हणजे मोजलीच जात नाही, आणि ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, तिच्या वाटचं पेट्रोल सोडत नाही. ॲक्सिलरेटर दाबला की मोजलेली हवा इतकी वाढते की ही चोरटी हवा किरकोळ ठरते. तुमच्याच स्कॅनरमध्ये फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयू पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा घटवतोय ते आकडे, दिसतात ना? आयडलिंगला अधिक २०-२५ टक्के आणि २५०० आरपीएमला शून्याच्या आसपास, तर गळती शोधा. पंप कमजोर असता तर लोड वाढल्यावर आकडा चढला असता. हे बघायला कितीसा वेळ लागतो? पण नाही, पार्ट विकायचाय!

शेवटी निघालं काय, तर पीसीव्हीचा, म्हणजे इंजिनच्या पोटातले वायू परत मॅनिफोल्डमध्ये नेणारा, रबरी पाइप. मॅनिफोल्डखाली जिथे तो वळतो तिथे तेलाने फुगून मऊ पडलेला, खालच्या अंगाला चिरलेला. वरून बघितलं तर धडधाकट. चिरेवर बोट दाबून धरलं आणि इंजिन तिथल्या तिथे शांत झालं, काटा एका जागी स्थिर! बोट काढलं की पुन्हा सूंऽऽ. स्मोक मशीनने धूर सोडला असता तर त्या चिरेतून डोळ्यांदेखत बाहेर आला असता. ते मशीन गॅरेजमध्ये धूळ खात पडलंय, आणि हे मेकॅनिक गळती शोधायला तापलेल्या इंजिनवर कार्ब क्लीनरचे (पेट घेणाऱ्या स्प्रेचे) फवारे मारत बसतात. भडका उडाला म्हणजे?

आणि एकाने तर सांगितलं, "आयडल थोडं वाढवून देतो, बंद नाही पडणार." म्हणजे चीर तशीच ठेवायची! भर वळणावर इंजिन बंद पडलं की पॉवर स्टिअरिंग जड होतं, आणि ब्रेक दाबायला जोर देणारा बूस्टर एक-दोन दाबांपुरताच साथ देतो. मग पेडल दगडासारखं. गाडीत म्हातारी माणसं असतात, लेकरं असतात, याचा काही विचार?

वर पुन्हा सल्ला, "जुनी झालीय, काढून टाका." कॉम्प्रेशन उत्तम, तेल खात नाही, गिअर मऊ पडतात. एका फाटक्या पाइपसाठी गाडी काढून टाकायची?