वॉलरला टाइट एंड रेडर्सने केले नाही
अमेरिकी व्यावसायिक फुटबॉलमधील डॅरेन वॉलर या वाइड रिसीव्हरला (कडेला उभा राहून पास झेलणाऱ्या खेळाडूला) रेडर्स संघाने टाइट एंड (आघाडीच्या रांगेच्या टोकाला राहून प्रतिस्पर्ध्याला अडवणारा आणि पासही झेलणारा खेळाडू) बनवले, असे सर्रास सांगितले जाते. ते वस्तुस्थितीला धरून नाही. बाल्टिमोर रेव्हन्स या संघाने 2015च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवे खेळाडू निवडण्याच्या वार्षिक प्रक्रियेत, सहाव्या फेरीत त्याला रिसीव्हर म्हणून घेतले आणि पुढच्याच वर्षी टाइट एंडच्या जागी हलवले. निलंबनामुळे 2017चा संपूर्ण हंगाम हुकल्यानंतर, 2018च्या अखेरीस रेडर्सने त्याला रेव्हन्सच्या सराव पथकातून उचलले, तेव्हा तो टाइट एंडच होता. रेडर्सचे श्रेय निराळे, आणि तेही काही थोडेथोडके नाही: त्यांनी त्याच्यावर विश्वास टाकला, आणि 2019मध्ये त्याने 90 झेल घेऊन 1,145 यार्ड मिळवले.

‘वजन वाढवले की रिसीव्हरचा टाइट एंड होतो’ ही जोडीला फिरणारी समजूत तर अधिकच भाबडी आहे. मैदानाच्या कडेला मोकळ्या जागेत उभा राहणाऱ्या खेळाडूला टाइट एंड झाल्यावर बहुतेकदा टॅकलच्या (आघाडीच्या रांगेतील अडवणाऱ्या खेळाडूच्या) शेजारी, एक हात जमिनीवर टेकवून सज्ज व्हावे लागते, आणि चेंडू सुटताक्षणी आपल्याहून वजनदार डिफेन्सिव्ह एंडला (प्रतिस्पर्धी बचावफळीच्या टोकाच्या खेळाडूला) अंगावर घ्यावे लागते. पास झेलण्याची पाळी त्यानंतर, आणि तीही प्रत्येक खेळीत येत नाही.